पोपटाची गोष्ट : ‘दिल्ली सफारी’ या चित्रपटाविषयी
(द्वितीय वर्ष कला)

यंदा आम्हाला एखाद्या चित्रपटाचा अभ्यास करून निबंध लिहावयास सांगण्यात आले. वर्गातून ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘श्वास’ अशी भारदस्त नावे पुढे आली. मी ‘दिल्ली सफारी’ म्हणताच हशा पिकला. “कार्टूनवर कसला आलाय अभ्यास!” असे एक मैत्रीण म्हणालीही. सरांनी मात्र नाव लिहून घेतले आणि एवढेच विचारले, “आवडला म्हणून घेतेस, की आवडला नाही म्हणून?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची चित्रे हलती झाली ती आपल्या पुण्यात, क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेत. त्या वर्षीचा उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. कथा थोडक्यात अशी : मुंबईला लागून असलेल्या जंगलात युवराज नावाचा बिबट्याचा बछडा आईवडिलांसोबत राहतो. इमारतींसाठी जंगल साफ करणारी माणसे येतात. त्यात त्याचा बाप सुलतान मारला जातो. मग युवराज, त्याची आई बेगम, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल दिल्लीला जाऊन संसदेलाच जाब विचारायचे ठरवतात. पण प्राण्यांची भाषा संसदेला कशी कळणार? म्हणून माणसाच्या घरात ऐषारामात वाढलेल्या, माणसाची भाषा बोलणाऱ्या ॲलेक्स नावाच्या पोपटाला ते पळवून आणतात, आणि ही वरात दिल्लीच्या वाटेला लागते.

कल्पना किती सुंदर आहे! बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड-ठाणे, आणि मधे खरेखुरे बिबटे. आमच्या तुर्भ्याहून ते फार लांब नाही. माझ्या लहानपणी आमच्या मागच्या डोंगरात खाणींचे सुरुंग उडत, तेव्हा फळीवरची भांडी हलत. त्यामुळे पडद्यावर यंत्रे जंगलात शिरली तेव्हा मला काही समजावून सांगावे लागले नाही.

मग बिघडते कुठे? येथे थोडे या कलेच्या स्वरूपाविषयी लिहिले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक हलवून, त्यांची एकेक चौकट टिपून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला होता. आज आगकाडीच्या जागी संगणक आला, तरी तत्त्व तेच आहे. एका सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत जे दिसते ते कोणीतरी ठरवून ठेवलेले. साध्या चित्रपटात रस्त्यावरचे कुत्रे चुकून चौकटीत येऊ शकते. ॲनिमेशनपटात झाडाचे पानसुद्धा चुकून हलत नाही. म्हणूनच या प्रकारच्या चित्रपटात जे जास्त झाले आहे ते ठरवून जास्त झाले आहे, आणि जे नाही तेही ठरवूनच नाही, असे मला वाटते.

‘दिल्ली सफारी’मध्ये जास्त झालेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. तो पर्यावरणाचा पाठ आहे, प्रवासवर्णन आहे, पोरक्या मुलाची कथा आहे, माकड आणि पोपट यांच्या भांडणाचा फार्स आहे. बजरंगीचा जहालपणा आणि बग्गाचा सामोपचार यांच्या रूपाने हिंसा-अहिंसेचा वादही त्यात आहे. शिवाय शंकर-एहसान-लॉय यांची गाणी आणि शेवटी संसदेपुढचे भाषण. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण एक सुरू झाली की दुसरी तिला ढकलून पुढे येते. आमच्या चाळीत सकाळी पाणी आल्यावर नळावर जे होते, तसेच.

सर्वांत मोठे नुकसान झाले ते युवराजचे. डोळ्यांदेखत बाप गेलेले पोर, पण त्याच्या दुःखाला वेळच मिळत नाही. थोड्याच वेळात विनोद सुरू होतात. ‘द लायन किंग’ (१९९४) या अमेरिकन चित्रपटातही छाव्याचा बाप मारला जातो. तेथेही गाणी आहेत, विदूषकी पात्रे आहेत. पण तो मृत्यू आपल्यामुळे झाला, ही छाव्याच्या मनातली बोच शेवटपर्यंत कथा पुढे ओढते. तेथील विनोदसुद्धा त्या बोचेपासून पळण्याची वाट म्हणून येतात. आपल्याकडे बापाचा मृत्यू हे दिल्लीला जाण्याचे केवळ निमित्त होऊन बसले आहे.

परदेशी उदाहरण कशाला, आपल्याकडचेच घ्यावे. विजया मुळे यांनी १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ हा छोटा बोधपट केला. चित्रे भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसाई यांचे. उणीपुरी सात मिनिटे. जाळ्यात सापडलेले पक्षी एकत्र उडतात आणि जाळे घेऊन जातात, एवढीच गोष्ट. रेषाही मोजक्या. दूरदर्शनवर तो पाहिलेली माझ्या आईच्या वयाची माणसे आजही ते गाणे म्हणून दाखवतात. एवढ्याशा चित्रपटाने एकच गोष्ट सांगितली, आणि ती राहिली.

येथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होते. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली. एका रविवारी मी टिपणे काढण्यासाठी मोबाइलवर चित्रपट पुन्हा लावला आणि शेजारी आजी येऊन बसली. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आमचे मूळ गाव पाटण तालुक्यातले. कोयना धरणाच्या पाण्याने ते घेतले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे कुटुंब विखुरले, आणि वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून आले. आजीला हिंदी अर्धेमुर्धेच कळते. पण प्राणी कोठे निघाले आहेत आणि कशासाठी, हे तिला लगेच कळले. पोपटाला पळवून आणतात तेथे ती हसली आणि म्हणाली, “ह्यास्नी बरा पोपट घावला. आमाला कुटला पोपट गं?”

मी चित्रपट थांबवला. इतका वेळ मी बछड्याकडेच पाहत होते. या चित्रपटाची खरी कथा पोपटाची आहे, हे आजीच्या एका वाक्याने दाखवले.

विचार करून पाहा. ॲलेक्स जन्माने पक्षी, पण खातो माणसाच्या ताटातले. जंगलवाल्यांची त्याला किळस वाटते. त्यांना तो हवा आहे तो त्याच्या प्रेमापोटी नव्हे, तर त्याला साहेबाची भाषा येते म्हणून. तो परका झाला आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याच्यावाचून आपले अडते हेही ठाऊक आहे. हा केवढा मोठा प्रश्न आहे! आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. दहावी झाल्यापासून चाळीतले लोक शिधापत्रिकेचा, बँकेचा, रुग्णालयाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. “पोरीला विचार, तिला लिवता येतं,” असे म्हणतात, आणि मी शुद्ध बोलले की तेच लोक मागे हसतात. मलाही कधी कधी त्यांच्या बोलण्याची लाज वाटली आहे, हे येथे कबूल करते. ॲलेक्सच्या मनात काय चालले असेल, हे पाहायला मी तासभर बसले असते. पण चित्रपटाला सवड नाही. पोपट आणि माकड पुन्हा भांडतात, पुन्हा हशा, पुन्हा धावाधाव. पोपटाचे मन बदलते ते कथेला पुढे जायचे असते म्हणून.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगते. बोरिवलीच्या त्या जंगलात आणि शेजारच्या आरेमध्ये वारल्यांचे पाडे आहेत. वाघोबाला देव मानणारी, बिबट्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेली ही माणसे. चित्रपटात प्राणी ‘माणसाला’ जाब विचारतात, पण हा माणूस एकाच प्रकारचा आहे : जंगल तोडणारा. जंगलात राहणाऱ्या माणसासाठी एवढ्या मोठ्या चित्रपटात एक चौकटही रिकामी नव्हती काय? पान हलते तेही ठरवून, असे वर म्हटले आहे ते यासाठीच.

चित्रपटकर्त्यांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे असा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट क्वचित निघतो. हा तर त्रिमितीत केलेला. त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. लहान मुले हसली पाहिजेत, त्यांना घेऊन आलेले आईबाप कंटाळता कामा नयेत, परदेशी प्रेक्षकालाही कळले पाहिजे. अशी संधी पुन्हा केव्हा मिळेल या धास्तीने माणूस सर्व काही एकदाच सांगू पाहतो. हे मी आधी केवळ तर्काने लिहिले होते. आता अनुभवाने लिहिते.

कारण त्याच आठवड्यात आजीने प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी माझ्याकडून नवा अर्ज लिहून घेतला. माझ्या भावाला नोकरीच्या वेळी तो उपयोगी पडेल. आधीच्या अर्जाचे काय झाले हे कोणी सांगत नाही. मी “महोदय” लिहिले आणि आजी सांगू लागली. गाव कसे होते, उंबऱ्याजवळचा आंबा, देवळातली घंटा कोणी काढून आणली, म्हैस कशी मागे फिरून पाण्याकडे गेली, तिच्या बापाने नव्या जागी पहिल्या वर्षी काय पेरले आणि काय उगवले नाही. मी दोन पाने भरली. नंतर वाचून पाहिले, तर मागणी कोठेच नव्हती. मग मी सर्व काढून टाकले. गावाचे नाव, तालुका, खातेदाराचे नाव, “दाखला मिळावा ही विनंती”. सात ओळी झाल्या. वर्गात शिकवतात तसा नेटका अर्ज.

आजीला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, “आन् म्हस?”

मी म्हटले, “आजी, अर्जात म्हैस चालत नाही.”

ती काही बोलली नाही. अंगठा उठवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अर्ज मी सोमवारी नेऊन दिला. ती दोन पाने मात्र फाडली नाहीत, वहीत ठेवली आहेत. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.