पायथनमध्ये इम्पोर्ट अडलं? फोन करण्याआधी हे वाचा

सबमिशनचे दिवस आले की सिडकोपासून बीड बायपासपर्यंतच्या पोरांचे फोन सुरू होतात : “सर, काल चालत होतं, आज इम्पोर्टच होत नाही.” वाळूजच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्याला हा रोग लगेच कळतो. नट चांगला, बोल्टही चांगला, पण आटे जुळत नाहीत.

काय करावे

- एररची शेवटची ओळ आधी वाचा. ‘मोड्यूल नॉट फाउंड’ म्हणजे चालू असलेल्या पायथनला ते पॅकेज सापडलेलंच नाही. ‘डीटाइप साइज चेंज्ड, 96 अपेक्षित, 88 मिळाले’ असं आलं, तर पॅकेज आहे, पण ते दुसऱ्याच नम्पायवर बांधलेलं आहे. 16 जून 2024 ला नम्पाय 2.0 आलं आणि जुने पांडाज असेच आडवे झाले. अशा वेळी पांडाज 2.2.2 किंवा त्यापुढचं घ्या, नाहीतर नम्पाय 2 च्या खाली ठेवा. दोन्ही एकदम बदलू नका, म्हणजे कशामुळे सुटलं ते कळेल.
- प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. बिघडलं तर फोल्डर उडवा आणि नवं करा, दहा मिनिटांचं काम.
- सगळं सुरळीत चालतंय त्याच दिवशी ‘पिप फ्रीझ’ करून आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये ठेवा. बिघडल्यावर केलेली यादी ही बिघाडाचीच यादी.

काय टाळावे

- डेमोच्या आदल्या रात्री अपग्रेड. एका पोराने केलं. पहाटे तीनला आम्ही दोघं जुनी आवृत्ती शोधत होतो.
- उबुंटूने ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवलं की ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा पर्याय दामटणं. नावातच ‘ब्रेक’ आहे हो!
- आपल्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘नम्पाय’ नाव देणं. पायथन आधी तीच उचलतो.
- ओपनसीव्हीची साधी आणि कॉन्ट्रिब अशी दोन्ही पॅकेजेस एकत्र टाकणं. दोघांचाही हक्क ‘सीव्हीटू’ या एकाच नावावर.
- जुना कोड पाहून पायथन 3.12 वर ‘डिस्टयुटिल्स’ शोधणं. ते त्यातून काढून टाकलंय.

एवढं करूनही अडलंत तर जरूर फोन करा. फक्त ‘पिप चेक’चा निकाल आणि एररची शेवटची ओळ आधी पाठवा. अर्ध्या स्क्रीनचा तिरका फोटो नको.