परिचारिकेचे निरीक्षण आणि परिचारिकेचा अधिकार : एक अभ्यास

वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या व नवीन यंत्रसामग्री यांचा तपशील दरवर्षी सादर केला जातो. परंतु ज्यांच्या हातून रुग्णसेवेचे कार्य रात्रंदिवस चालते, त्या परिचारिकांच्या शिक्षणाचा व अधिकारांचा विचार ताळेबंदात कोठेही येत नाही. प्रस्तुत लेखक वैद्यकतज्ज्ञ नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि रुग्णालयाचे प्रशासन पाहताना हा विषय देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या आप्तेष्टांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. डॉक्टर रुग्णाला दिवसातून काही मिनिटे पाहतात, परिचारिका त्याला संपूर्ण पाळीभर पाहते. मग रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचे तिच्या प्रथम ध्यानात आले, तर तिने काय करावे आणि तिला काय करता यावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

नर्स प्रॅक्टिशनर : संकल्पना

१९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम प्रथम सुरू केला. ग्रामीण व गरीब वस्तीतील बालकांना डॉक्टर मिळत नव्हते, ही त्यामागील निकड होती. अनुभवी परिचारिकेला रुग्णतपासणी, निदान व उपचार यांचे उच्च शिक्षण द्यावे आणि ठरावीक मर्यादेत निर्णयाचा अधिकारही द्यावा, अशी ही कल्पना होय.

आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. परिचर्येतील पदवी व प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव ही त्याची प्रवेशपात्रता असून शिक्षणाचा बहुतांश काळ रुग्णाच्या खाटेजवळच व्यतीत होतो. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसूतिसेवेसंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या व प्रसविका परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण निश्चित केले.

यवतमाळचा अनुभव

ही संकल्पना आपल्या जिल्ह्याच्या किती जवळची आहे, हे २०१७ च्या फवारणी हंगामाने दाखवून दिले. त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर त्याचा मोठा भार पडला.

कपाशीवरील अनेक कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील असतात. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही त्यांतील परिचित नावे. हे विष तोंडावाटेच जावे लागते असे नाही. घामाने भिजलेल्या त्वचेतून व श्वासातूनही ते शरीरात शिरते. परिणामी लाळ व घाम अतोनात सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दृष्टी अंधूक होते, नाडी मंदावते आणि फुप्फुसांत स्राव साचून रुग्ण गुदमरू लागतो.

अशा रुग्णाच्या उपचारात परिचारिकेचे कार्य पहिल्या क्षणापासून सुरू होते. श्वासमार्ग मोकळा ठेवून प्राणवायू देणे आणि त्याच वेळी, स्वतः हातमोजे घालून, रुग्णाचे फवारणीचे कपडे उतरविणे व अंग-केस साबणपाण्याने धुणे ही कामे तिला करावी लागतात. कपडे अंगावर राहिले तर सलाईन चालू असतानाही विष शरीरात भिनतच राहते.

त्यानंतर ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले जाते. त्याची मात्रा सर्वांना सारखी नसते. छातीतील घरघर थांबेपर्यंत, काख कोरडी होईपर्यंत आणि नाडी व रक्तदाब सुधारेपर्यंत दर काही मिनिटांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. मात्रा कमी पडल्यास रुग्ण गुदमरतो. अधिक झाल्यास त्याला ताप चढतो, तो बडबडू लागतो व खाटेवरून उठून पळू पाहतो. हा तोल सांभाळण्यासाठी कोणीतरी प्रशिक्षित व्यक्ती सतत रुग्णापाशी असावी लागते आणि ती व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते.

याहून फसवा धोका पुढे आहे. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलू लागतो, आप्तेष्टांना हायसे वाटते. आणि विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांच्या काळात त्याच्या मानेचे व श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. हे ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. 'दादा, उशीवरून मान उचला बरं' असे सांगायचे व एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहायचे. सायंकाळी सहज मान उचलणारा रुग्ण रात्री दोन वाजता ती उचलू शकला नाही, तर त्याला काही वेळातच कृत्रिम श्वसनाची आवश्यकता भासू शकते. ही खूण केवळ 'रुग्ण झोपलेला आहे' अशी केसपेपरवर नोंदली गेली, तर सकाळच्या राउंडपर्यंत फार उशीर झालेला असतो.

सर्पदंशाच्या रुग्णाबाबतही असेच आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरसे यांसारख्या सापाचे विष भिनल्याचा तो महत्त्वाचा संकेत ठरतो. ही चाचणी परिचारिका खाटेजवळच करू शकते.

अधिकाराचा प्रश्न

निरीक्षण केल्यानंतर पुढे काय, हा खरा पेच आहे. औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास आहे. त्यामुळे आपल्याकडील नर्स प्रॅक्टिशनरने संस्थेने संमत केलेल्या लेखी स्थायी सूचनांच्या चौकटीत काम करावे, अशी योजना आहे. कोणती लक्षणे दिसताच कोणते उपचार सुरू करावेत, कोणती मात्रा वाढवावी आणि किती मिनिटांत कोणत्या डॉक्टरांना बोलवावे, हे त्यात नमूद असते. अशा सूचना लेखी नसतील, तर परिचारिका दोन्हीकडून अडचणीत येते : काही केले तर अधिकाराबाहेर वागली आणि न केले तर निष्काळजी ठरली.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा त्याने घ्यावी असा हेतू आहे. उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठी स्वतंत्र पद, वेतनश्रेणी व कार्यकक्षा निश्चित होणे हा मात्र पुढचा प्रश्न आहे. दोन वर्षांचे खडतर शिक्षण घेऊनही पूर्वीचेच पद व पूर्वीचेच वेतन मिळणार असेल, तर ती मुंबई, पुणे किंवा परदेशाची वाट धरते, यात नवल नाही.

गावपातळीवरील जबाबदारी

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेअंतर्गत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधरांप्रमाणे परिचर्या पदवीधरही सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन कार्य करतात. झरी जामणी, मारेगाव, घाटंजी यांसारख्या तालुक्यांतील दूरच्या पाड्यांवर रक्तदाब, मधुमेह व सिकलसेल यांचा पहिला शोध तेथेच लागू शकतो.

अधिकार वाढतो तेव्हा दक्षताही वाढवावी लागते. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओ मोहिमेत बारा बालकांना लसीच्या थेंबांऐवजी हॅण्ड सॅनिटायझर पाजले गेले व त्यांना यवतमाळ येथे रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने बालके बचावली. बाटली उचलताना, औषध घेताना व देण्यापूर्वी असे तीनदा लेबल वाचणे आणि जंतुनाशके औषधांपासून वेगळी ठेवणे, हा परिचर्येच्या पहिल्या वर्षातील पाठ प्रत्येक पाळीत नव्याने पाळावा लागतो. त्यासाठी शिस्तीइतकेच पुरेसे मनुष्यबळही लागते. कृत्रिम श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा मान्य निकष आहे. म्हणजे एका यंत्रासाठी तीन पाळ्यांच्या तीन परिचारिका आणि साप्ताहिक सुट्टी व रजा यांसाठी आणखी मनुष्यबळ. यंत्राची देणगी एकदा मिळते, वेतन मात्र दरमहा द्यावे लागते.

नम्र आवाहन

विश्वस्त मंडळाने रुग्णालयातील स्थायी सूचना डॉक्टर व परिचारिका यांच्या संयुक्त समितीकडून लेखी स्वरूपात करवून घ्याव्यात व दरवर्षी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांची उजळणी व्हावी, असे सुचवावेसे वाटते. देणगीदारांनी यंत्रांबरोबरच एखाद्या परिचारिकेच्या उच्च शिक्षणाचा व त्या काळातील वेतनाचा भार उचलल्यास त्या देणगीचा उपयोग पुढील अनेक वर्षे होत राहील.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एकच विनंती. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा त्यावरील लेबल, हाताला न लागू देता, पिशवीत घालून सोबत आणावे. एकाहून अधिक औषधे मिसळली असल्यास सर्वांची नावे सांगावीत. रुग्ण बोलू लागला म्हणून त्याला घाईने घरी नेऊ नये. आणि सिस्टर रात्री झोपलेल्या रुग्णाला उठवून मान उचलावयास सांगत असतील, तर त्यांना अडवू नये. त्या वेळी त्या त्याच्या श्वासाची काळजी घेत असतात.