अवधाण आणि लसीकापेशींची फेरी

पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. तिला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. जखम एकीकडे आणि सूज दुसरीकडे, हा संबंध या शब्दाने केव्हाच टिपला आहे. त्यामागची घडामोड मराठीत लिहायला बसले की मात्र क्रियापदे दगा देतात. ‘पेशी ओळखते’, ‘पेशीला कळते’ असे आपण सहज लिहून जातो.

रक्तातून वेगाने वाहणारी लसीकापेशी गाठीतल्या विशिष्ट सूक्ष्म नीलिकांपाशीच का थांबते? १९८३ साली गॅलॅटिन, वाइसमन आणि बुचर यांनी उंदराच्या लसीकापेशींवर एक प्रतिपिंड वापरून पाहिले. त्याने पृष्ठभागावरचे एक प्रथिन झाकले गेले आणि पेशी त्या नीलिकांना चिकटेनाशा झाल्या. तेच आजचे एल-सिलेक्टिन. नीलिकेच्या भिंतीवरील शर्करायुक्त रेणूंना ते धरते, पण पकड कच्ची असते. धरत-सुटत पेशी भिंतीवरून घरंगळते, वेग मंदावतो. मग भिंतीवरचे सीसीएल-२१ हे केमोकाइन पेशीवरील सीसीआर-७ या ग्राहीला जोडले जाते. त्यासरशी एलएफए-१ या तिसऱ्या प्रथिनाचा आकार बदलतो, पकड पक्की होते, पेशी थांबते आणि भिंत ओलांडून आत शिरते. इथे कोणी कोणाला ओळखलेले नाही. ‘घरंगळते’, ‘अडकते’, ‘सुटते’ ही घरगुती क्रियापदे पुरतात. वर्गात तीच लवकर समजतात.

इंग्रजीत या प्रवासाला घरी परतण्याच्या अर्थाचा शब्द आहे. त्यावरून ‘गृहागमन’ घडवू नये, असे मला वाटते. पेशी गाठीत कायमची राहायला येत नाही. ती रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात फिरत राहते, हे गोवन्स यांनी १९५९ मध्येच उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून ‘फेरी’ बरी.

बाहेर पडायलाही ग्राही लागते. एस१पी हा स्निग्ध रेणू गाठीपेक्षा लसीकेत अधिक असतो. पेशी त्या बाजूला सरकते. संसर्ग झाला की सीडी-६९ हे प्रथिन एस१पीची ग्राही पृष्ठभागावरून आत खेचते. येणाऱ्या पेशी वाढतात, जाणाऱ्या काही काळ अडतात, आणि गाठ फुगते. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील फिंगोलिमोड हे औषध हीच बाहेरची वाट अडवते. मज्जासंस्थेला इजा करू शकणाऱ्या लसीकापेशी गाठींतच राहतात.