घरसामानाचा विमा व त्यांतील वजावट

पिकाचा विमा म्हणजे काय, हें आमच्या शेतकरीबंधूंस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु घराचा, व त्यांतही घरांतील सामानसुमानाचा विमा हा विषय अद्यापि अनेकांस परका आहे. 2005, 2019 व 2021 या तीन सालीं पंचगंगा व कृष्णा या नद्यांच्या महापुरानें करवीर व शिरोळ तालुक्यांतील अनेक गांवांत पाणी घरांत शिरलें. प्रयाग चिखली व आंबेवाडी येथील लोकांस तर दोन वर्षांच्या अंतरानें दोनदां घरें सोडावीं लागलीं. अशा प्रसंगानंतर विमा उतरविण्याकडे मनाचा कल होणें स्वाभाविक आहे. विमापत्र हातीं येतें, हप्ता भरला जातो, आणि त्यांतील एक ओळ मात्र वाचावयाची राहून जाते. ती ओळ वजावटीची होय. इंग्रजी कागदांत हिलाच ‘डिडक्टिबल’ किंवा ‘एक्सेस’ असें म्हणतात.

वजावट म्हणजे प्रत्येक नुकसानींतील जो पहिला भाग विमेदारानें स्वतः सोसावयाचा, तो भाग. ही रक्कम कंपनीकडे भरावयाची नसते. मंजूर भरपाईंतून ती वजा होऊन उरलेले पैसे हातीं येतात. हप्त्याशीं तिची गल्लत करूं नये. हप्ता नुकसान होवो वा न होवो द्यावाच लागतो. वजावट नुकसान झाल्यावरच आड येते.

हें तत्त्व आपणांस अगदींच नवें नाहीं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून तिला जोखीमस्तरानें गुणितात, व तें उंबरठा उत्पन्न ठरतें. महाराष्ट्रांत हा स्तर शेकडा 70 धरिला जात आला आहे. म्हणजे सरासरीच्या शेकडा 30 पर्यंतची तूट शेतकऱ्याचीच. मंडळाचें उत्पन्न सरासरीच्या शेकडा 60 वर आलें, तर तूट 40 दिसते. पण भरपाई 70 व 60 यांतील दहाच्या फरकावर, म्हणजे विमा रकमेच्या सुमारें सातव्या हिश्शाइतकीच मिळते. भरपाई इतकी थोडी कशी, असा प्रश्न ज्यांस पडला असेल, त्यांस उत्तर बहुधा येथेंच सांपडेल. वजावट पैशांतच असते असेंही नाहीं. आपत्ति-निधीच्या निकषांत, घर पडलें वा वाहून गेलें नसेल तर, कपडे व भांडीं यांची मदत दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यांत राहिलेल्या घरांसच धरिली आहे. ही काळाची वजावटच म्हणावयाची.

कंपन्या असें कां करितात? एक तर चार भांडीं व एक गादी यांच्या दाव्यासाठीं सर्व्हेअर पाठवावयाचा, कागद करावयाचे, यांत भरपाईपेक्षां खर्च अधिक होतो, व तो शेवटीं सर्वांच्या हप्त्यावर बसतो. दुसरें, कांहीं नुकसान आपलेंही आहे हें ठाऊक असलें म्हणजे मनुष्य पाणी चढूं लागतांच सामान माळ्यावर चढवितो.

ही युक्ति जुनी आहे. लंडनच्या लॉइड्स येथील दर्यावर्दी विम्याच्या पत्रास 1749 सालीं एक टीप जोडण्यांत आली. तिच्यान्वयें धान्य, मासे, मीठ, फळें, पीठ व बीं यांचें किरकोळ नुकसान सामान्यतः भरून मिळत नसे. साखर, तंबाखू, ताग, कातडीं यांचें शेकडा 5 हून कमी असल्यास, व इतर मालाचें शेकडा 3 हून कमी असल्यास मिळत नसे. समुद्राच्या दमट हवेनें साखर थोडीफार बिघडावयाचीच. पावसाळ्यांत गुळाच्या ढेपेस पाणी सुटलेलें ज्यानें पाहिलें आहे, त्यास यांतील मर्म कळण्यास वेळ लागणार नाहीं.

मात्र त्या टिपेंत व आजच्या वजावटींत मोठा भेद आहे. तेथें मर्यादा ओलांडली कीं संपूर्ण नुकसान मिळे. वजावटींत मर्यादेवरचेंच मिळतें. मर्यादा 10,000 रुपये धरा. 9,900 रुपयांच्या नुकसानीस दोन्ही पद्धतींत कांहीं नाहीं. 10,100 रुपयांचें झालें तर पहिल्या पद्धतीनें 10,100, दुसरीनें केवळ 100. पहिली पद्धत उदार दिसते खरी. पण 9,900 चे 10,100 करण्याचा मोह तिच्यांतच आहे. पैसेवारी 50 च्या आंत कीं बाहेर, या एका पैशासाठीं गांवोगांवीं केवढे वाद माजतात, हें महसूल खात्यांत नोकरी केलेल्यांस सांगावयास नको.

आतां वजावटीचे प्रकार. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. सामानाचा विमा 8,00,000 रुपयांचा, नुकसान 60,000 रुपयांचें. वजावट ठराविक 5,000 असेल तर 55,000 मिळतील. ‘दाव्याच्या शेकडा 5, परंतु किमान 10,000’ अशी असेल, तर शेकडा 5 चे 3,000 च होतात म्हणून किमान रक्कम लागूं होऊन 50,000 मिळतील. आणि ‘विमा रकमेच्या शेकडा 5’ असे शब्द असतील, तर 40,000 कापले जाऊन हातीं केवळ 20,000 येतील. शेकडा 5 दोन्हीकडे सारखेच; पण तो कशाचा, या एका शब्दांत तीस हजारांचें अंतर पडलें.

यांतील दुसरा प्रकार काल्पनिक नाहीं. 2001 सालच्या अग्निविमा टॅरिफांतील प्रमाणित विमापत्रांत पूर, वादळ, वीज इत्यादींसाठीं तोच होता. राहत्या घरांस मात्र तो लागूं नव्हता. म्हणून ज्यांच्या ओटीवर दुकान आहे, किंवा घरालगत गुऱ्हाळ वा खतांची वखार आहे, त्यांनीं विशेष सावध असावें. विक्रीचा माल घरसामानांत धरिला जात नाहीं. त्यास निराळा विमा, व त्याची वजावटही निराळी.

राहत्या घरांसाठीं 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ हें प्रमाणित विमापत्र निघालें आहे. त्यांत घराच्या विमा रकमेच्या शेकडा 20, फार तर 10 लाख रुपये, इतक्या सामानास यादी न देतां संरक्षण मिळतें. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठीं मात्र वेगळी नोंद लागते. कमी रकमेचा विमा उतरविला म्हणून भरपाई त्या प्रमाणांत कापावयाची जुनी शर्त त्यांत सोडून दिली आहे, ही मोठीच सोय होय. कारण जेथें ती शर्त असते तेथें 8 लाखांच्या सामानास 4 लाखांचाच विमा असल्यास 60,000 चे आधीं 30,000 होतात, व मग त्यांतून 10,000 वजावट जाऊन 20,000 उरतात. वजावट बहुधा अशी शेवटीं कापतात. ती आधीं कापली असती तर 25,000 आले असते.

कांहीं कंपन्या ‘वजावट आपण होऊन वाढवून घ्या, हप्ता कमी करूं’ असें सांगतात. 10,000 रुपयांची जादा वजावट पत्करून वर्षाला 400 रुपये वांचत असतील, तर ते 10,000 भरून येण्यास पंचवीस वर्षें लागतात. चंदगडकडे उंचवट्यावर घर असणाऱ्यास हा सौदा परवडेल. नदीकांठच्या ज्या घरांत पंचवीस वर्षांत दोन-तीन वेळां पाणी आलें, त्यानें तो करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेवटची गोष्ट आपल्याच नदीची. वजावट प्रत्येक घटनेस निराळी लागते. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. पाणी चढतें, उतरतें, आणि राधानगरीचे दरवाजे उघडल्यावर पुन्हां चढतें. आठ दिवसांत घरांत दोनदां पाणी शिरलें तर ती घटना एक कीं दोन, व वजावट एकदां कीं दोनदां, हें विमा घेतांनाच कंपनीस पत्र लिहून विचारावें, व आलेलें उत्तर विमापत्रासच जोडून, पाण्यापासून दूर, माळ्यावरच्या पेटींत ठेवावें.