बुद्ध्यांक ९८, मग पुढे काय?

प्रश्न : सहावीतल्या मुलाचा बुद्ध्यांक ९८ आला, त्याच्या चुलत बहिणीचा १२८. मुलाचं आयुष्यात कसं होणार?
— एक पालक, जळगाव

उत्तर : या चाचण्यांची सरासरी १०० धरलेली असते आणि सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये येतात. तुमचा मुलगा अगदी मध्यावर आहे. बुद्ध्यांकावरून शाळेतल्या गुणांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मिळकतीचा कमी, समाधानाचा फारच थोडा.

मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडली. त्यांतली बरीच नावारूपाला आली, पण नोबेल कोणालाच नाही. ते मिळालं निवडीत गळलेल्या शॉक्ली आणि अल्वारेझ या भौतिकशास्त्रज्ञांना.

बुद्ध्यांकावर चाचणीच्या भाषेचाही परिणाम होतो. म्हणूनच व्ही. व्ही. कामत यांनी मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी नव्यानं बेतली. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. लेखी चाचणीत त्यांची प्रतिभा दिसलीच नसती. घरी अहिराणी बोलत असाल, तर चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचारा.

वाचन किंवा गणितात तो सतत अडखळत असेल, तर मानसशास्त्रज्ञांकडून अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. एरवी बहिणीशी तुलना आजच थांबवा.