कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ: सैल करा, ताणा, मग बळ द्या

खुर्चीत किंवा गाडीवर बराच वेळ बसलं की एका कुल्ल्यात खोलवर ठणकतं, मांडीच्या मागून कळ खाली उतरते आणि उठून चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं? असं होत असेल तर हे पिरिफॉर्मिस सिंड्रोम असू शकतं. कुल्ल्याच्या आतला पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू आखडला की जवळून जाणाऱ्या सायटिक नसेला तो त्रास देतो. चला, त्याला मोकळं करू. क्रम मात्र बदलायचा नाही: आधी सैल करायचं, मग ताणायचं, मग बळ द्यायचं.

जवळ ठेवा: सतरंजी किंवा योगा मॅट, पातळ उशी आणि टेनिसचा एक बॉल. वेळ साधारण २० मिनिटं. पोट भरलेलं नको.

सुरू करण्याआधी

१. धोक्याची लक्षणं तपासा. लघवी अडते आहे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे, जांघेतला, बसायचा भाग बधिर झाला आहे, पाऊल वर उचलत नाही, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली आहे, यातलं एकही असेल तर व्यायाम राहू द्या आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा. पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, सोबत ताप असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तरीही आधी डॉक्टर.

२. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. मणक्यातली गादी सरकली तरी कळ अशीच पायात उतरते आणि तिथे व्यायाम वेगळे लागतात. हा टप्पा कृपा करून टाळू नका.

३. मागच्या खिशातलं पाकीट आजपासून पुढच्या खिशात ठेवा. त्यावर बसून बसूनही कुल्ला चेपला जातो.

सैल करा

४. घरातल्या घरात ५ मिनिटं चाला. गार पडलेला स्नायू थेट ताणायला जाऊ नका.

५. मॅटवर गुडघे वाकवून बसा आणि हात मागे टेका.

६. दुखऱ्या कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या मांसल भागाखाली बॉल सरकवा. माकडहाडावर किंवा बसायच्या हाडावर तो ठेवू नका.

७. हळूहळू अंगाचा भार बॉलवर सोडा आणि ३० सेकंद संथ श्वास घेत थांबा. गोड दुखणं चालेल. पायात मुंग्या किंवा करंट आला तर बॉल नसेवर आहे, लगेच जागा बदला.

८. बॉल काढून टाका. जोरजोरात रगडू नका, दुसऱ्या दिवशी बसवणार नाही.

ताणा

९. उताणे झोपा, डोक्याखाली उशी घ्या, गुडघे वाकवून तळपाय टेकवा.

१०. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर ठेवा. गुडघा दुखायला लागला तर इथेच थांबा, पुढे ओढू नका.

११. खालच्या पायाची मांडी दोन्ही हातांनी मागून धरा.

१२. ती मांडी छातीकडे हळू ओढा. ताण कुल्ल्यातच जाणवला पाहिजे. कंबर जमिनीवरून सुटली तर जास्त ओढलंत, थोडं सोडा.

१३. ३० सेकंद तसेच राहा. झटके देऊ नका आणि श्वास कोंडू नका. इथे घाई करणाऱ्यांना फायदा होत नाही, म्हणून मनात आकडे मोजाच.

१४. पाय सोडा, दोन श्वास घ्या आणि असं एकूण ३ वेळा करा.

१५. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. ती दुखत नसली तरी सोडू नका.

बळ द्या

१६. गुडघे वाकवलेलेच ठेवून कुल्ले आवळा आणि कंबर सावकाश वर उचला. ५ सेकंद थांबून खाली या. असं १० वेळा. पाठीची कमान करू नका.

१७. दुखरा पाय वर येईल असे कुशीवर वळा आणि गुडघे वाकवून एकावर एक ठेवा.

१८. टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा आणि मिटवा. असं १० वेळा. कंबर मागे कलंडली की मेहनत वाया जाते, म्हणून एक हात कमरेवर ठेवा.

१९. उठून २ मिनिटं चाला आणि मगच बसा.

कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणक्याचे-सांध्यांचे उपचार करणाऱ्याकडे) जायचं असेल तर

२०. आधी काही आठवडे हे व्यायाम नेमाने करा. माझ्या मते पहिला मान व्यायामाचाच. हाताने केलेल्या उपचारांनी आराम पडू शकतो, पण तो टिकवायला स्नायूंमध्ये बळ लागतं.

२१. त्यांनी रीतसर शिक्षण कुठे घेतलं ते विचारा. हाडं बसवून देणारा प्रत्येक जण कायरोप्रॅक्टर नसतो.

२२. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गर्भारपण किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया असेल तर उपचाराच्या टेबलावर झोपण्याआधीच सांगा. अशा वेळी झटक्याचा उपचार धोक्याचा ठरू शकतो.

२३. काय करणार ते आधी समजून घ्या. स्नायू हाताने दाबून सैल करणं आणि कंबर-कुल्ल्याचे सांधे हलके हलवणं, इतपत ठीक. दुखणं कुल्ल्यात असताना मानेला झटका देऊ देऊ नका.

२४. ‘कट्’ असा आवाज आला म्हणजे बरं झालं असं समजू नका. आठवडाभरात बसणं सोपं झालं का, ते बघा.

दिवसभर

२५. दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. लांबच्या गाडी प्रवासात मध्ये थांबून उतरा.

२६. त्रास आहे तोवर जमिनीवर मांडी घालून आणि पायावर पाय टाकून बसू नका.

हा क्रम रोज एकदा करा. कळ पायात आणखी खाली उतरू लागली किंवा बधिरपणा वाढला तर त्याच दिवशी व्यायाम बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. सहा आठवड्यांनीही काहीच फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्या, निदान दुसरं असू शकतं.