यवतमाळात ‘डीओ’ रेसिडेन्सी सुरू होईल का?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या नावापुढे एमडी नाही, ‘डीओ’ असं लिहितात. सध्या एका हॉस्पिटलात तिची रेसिडेन्सी चालू आहे. घरची मंडळी म्हणतात, हे आपल्याकडच्या हाडवैदासारखंच काहीतरी असणार. खरं काय आहे? आणि अशी रेसिडेन्सी आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्यात सुरू करता येईल का?
— एक वाचक, पुसद

उत्तर : घरच्यांना आधी हे सांगा, की तुमची भाची पुरती डॉक्टर आहे. औषधं लिहून देण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा तिथल्या डीओंना एमडीइतकाच अधिकार असतो.

तरी हाडवैदाची आठवण अगदीच चुकीची नाही. अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतले डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि हाडं, सांधे, स्नायू हातानं तपासून, हातानंच उपचार करण्याची पद्धत त्यांनी बसवली. तीच ऑस्टिओपॅथी, आणि डीओ म्हणजे त्या शाखेचे डॉक्टर. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्यांनी शाळा काढली. पुढे या शाखेनं आधुनिक औषधं आणि शस्त्रक्रिया पूर्णपणे स्वीकारल्या, हाताचे उपचार जोडीला ठेवले. डीओंच्या रेसिडेन्सी बरीच वर्षं वेगळ्या होत्या. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्याही प्रशिक्षणाला एकच संस्था मान्यता देते.

आपल्याकडे मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑस्टिओपॅथी हा विषय नाही. भारतात ‘ऑस्टिओपॅथ’ अशी पाटी लावणारे बहुधा फिजिओथेरपिस्ट असतात. त्यामुळे डीओची रेसिडेन्सी यवतमाळात आज सुरू होऊ शकत नाही.

पण तुमच्या प्रश्नातला ‘रेसिडेन्सी’ हा शब्द मला जास्त मोलाचा वाटतो. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. तिथल्या ऑस्लर आणि हॅल्स्टेड या डॉक्टरांनी पदवी घेतलेल्या तरुण डॉक्टरांना हॉस्पिटलातच राहायला लावून शिकवण्याची पद्धत रुजवली. म्हणून ते रेसिडेंट, आपले निवासी डॉक्टर. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे १९८९ पासून चालत आलेल्या आपल्या ‘मेडिकल’मध्ये, एमडी-एमएस करणारी मुलं-मुली तेच करतात.

त्यांची गरज काय, हे यवतमाळकरांना २०१७ नं दाखवलं. कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं त्या हंगामात जिल्ह्यातले २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशीवर मारतात त्यातल्या बऱ्याच कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन द्यावं लागतं, आणि ते एकदा टोचून भागत नाही. छातीत पाणी साठतंय का, नाडी किती, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, हे पुन्हा पुन्हा पाहून मात्रा कमी-जास्त करावी लागते. रात्री दोनलाही. सकाळी राउंड घेऊन निघून जाणाऱ्या डॉक्टराकडून हे होणार नाही. त्याला वॉर्डात राहणाराच माणूस हवा, आणि चुकलं तर सांगणारा वरिष्ठ त्याच्या पाठीशी हवा. मला विचाराल तर रेसिडेन्सीचा अर्थ एवढाच आहे.

मग ती सुरू कशी होते? बांधकामाचा विचार आपल्याला आधी सुचतो, पण खरी अट खाटा, रुग्ण आणि शिक्षक यांची आहे. २०२५ मध्ये आयोगानं नियम सैल केले. २२० हून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयाला, तिथं कॉलेज नसलं तरी, अध्यापन संस्था ठरवता येतं. दहा वर्षांचा अनुभव असलेला तिथला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. दोन शिक्षक असले तर दोन जागांवर अभ्यासक्रम सुरू होतो. नियम चांगला आहे, फक्त शिक्षकाची खुर्ची कागदावर भरलेली असून चालणार नाही. शिकवायला कोणी नसेल, तर रेसिडेंट म्हणजे स्वस्तात मिळालेला राबता माणूस, आणि त्याच्या हाताखालच्या रुग्णालाही धोका.

तालुक्याच्या दवाखान्यांना २२० चा आकडा गाठणं अवघड आहे. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, जिल्हा निवासी कार्यक्रमाची. २०२० च्या नियमानुसार एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करायचं असतं. पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथल्या उपजिल्हा रुग्णालयांना यातून तरुण डॉक्टर मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत निम्म्याहून अधिक डॉक्टर जिथं रेसिडेन्सी केली त्याच राज्यात पुढे स्थिरावतात. तीन महिन्यांत कोणी पुसदचा होणार नाही, पण पुसदचे रुग्ण न पाहताच तज्ज्ञ झालेला डॉक्टर इथं येण्याची शक्यता त्याहून कमी.

तुमच्या उपजिल्हा रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असेल. पुढच्या बैठकीआधी समितीच्या सदस्यांना गाठून तीन गोष्टी विचारा : आपल्याकडे जिल्हा निवासी डॉक्टर येतात का, त्यांना शिकवणारा तज्ज्ञ हजर असतो का, आणि रात्री राहायला त्यांच्यासाठी दवाखान्याच्या आवारात खोली आहे का? खोली नसेल, तर मागणीची सुरुवात तिथूनच करा.